मामांच्या दुकानातलं स्वादुपिंड

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. नगरच्या एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी होते, म्हणजे बिनपगारी प्रयोगशाळा सहायक. सावेडीत एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते, वडिलांची जुनी लुना चालवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. खोली सुटली, लुना भंगारात गेली. हुशारीची खोड मात्र अजून पूर्ण गेलेली नाही.

माझा विषय होता स्वादुपिंडातली निरोप पोचवणारी एन्झाइम्स. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे दडून बसलेली मऊ ग्रंथी. अन्न पचवणारा रसही तीच करते आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिनही. पण ही कामं ती आपल्या मनाने करत नाही. साखर आली की ती बातमी पेशीच्या दारापासून आतपर्यंत पोचवावी लागते. त्यासाठी एन्झाइम्सची साखळी असते. एक एन्झाइम दुसऱ्याला खूण चिकटवतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत निरोप आत जातो. चिकटवलेल्या खुणा काढून टाकणारीही एन्झाइम्स असतात, नाहीतर तो निरोप थांबायचाच नाही. त्या काढणाऱ्यांपैकी एकाच्या मागे मी हात धुऊन लागले होते. माझी आई नेवाशात शेजारणींना सांगायची, "बोकडाच्या पोटातलं कायतरी शिकती." माझ्या प्रबंधाच्या दीड ओळीच्या शीर्षकापेक्षा ते जास्त अचूक होतं.

बोकडाच्या पोटातलं म्हटलं की बोकड आला, आणि बोकड म्हटलं की मामा.

मामा माझे सख्खे कुणी नव्हते. त्यांचं जुन्या गावभागात मटणाचं दुकान होतं. मूळचे ते सोनईचे आणि माझी आई सोनईची, म्हणून ते मामा. आम्ही ख्रिस्ती, ते खाटीक, पण गावच्या नात्यात असल्या गोष्टी कुणी विचारत नाही. पन्नाशीचे, धिप्पाड, मिशा अशा की गिऱ्हाईक हाडं जास्त पडली म्हणायला धजत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, साखर अशीच राहिली तर एखाद्या क्षुल्लक जखमेपायी पाय काढावा लागेल. मटणाचा धंदा उभ्याने करायचा. पाय गेला तर दुकान गेलं, हे मामांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. गोळ्यांनी भागलं नाही तर रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले होते. रोज बोकड कापणारा हा माणूस सुईला मात्र लहान मुलासारखा भ्यायचा.

पहिल्या दिवशी मी कागदावर चित्र काढूनच गेले. जठर, लहान आतड्याचं वळण, त्यात चरबीत रुतलेलं दाणेदार, फिकट गुलाबी स्वादुपिंड.

मामांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये व्हय? ह्ये तर आमी कुत्र्याला टाकतो. कोन खातं ह्ये?"

"खायचं नाही मामा. कॉलेजात न्यायचंय. रोज सकाळी, गरम असतानाच बर्फात घालून."

मी खरं तेच सांगत होते. ही ग्रंथी शरीराबाहेर आली की आपल्याच पाचकरसाने स्वतःला पचवायला लागते, म्हणून घाई. पण मामांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बिनलग्नाची मुलगी, कुणी खात नाही असा तुकडा, तोही रोज, गरम आणि बर्फात.

"ताई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "करनी-बिरनी तर न्हाई ना ह्ये? तुमच्या आज्याला वळखत हुतो मी. देवमानूस."

मला राग आला. पदव्युत्तर परीक्षेत पहिली आलेली मी, आणि हा माणूस माझ्या हातात लिंबू-मिरची देतोय! खरं उत्तर लांबलचक होतं आणि थर्मासमधला बर्फ वितळत होता. मी म्हणाले, "शुगरच्या औषधाचं काम आहे, मामा."

"ह्याचं औषध व्हतं?"

"होतं की. तुम्हाला डॉक्टर ज्या इंजेक्शनची भीती घालतात ना, ते जनावरांच्या याच अवयवातून काढतात."

त्या काळात हे खोटं नव्हतं. खोटं एवढंच होतं की त्या औषधाशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांना जोडायचं काम मामांवर सोडलं. त्यांनी ते झटक्यात केलं. तुकडा माझ्या थर्मासमध्ये पडला. वर चहा आला.

त्या चहावर त्यांनी विचारलं, ह्याचं काम तरी काय असतं पोटात? मला शिकवायची हौस दांडगी.

"मामा, लग्नात पंगत बसली की वाढपी आपोआप येतात का?"

"कुठलं येत्यात. वरडावं लागतं."

"बरोबर. मांडवातला एकजण ओरडतो, 'पंगत बसली!' ते ऐकून दारातला ओरडतो, मग आचाऱ्याजवळचा ओरडतो, तेव्हा कुठे बादल्या बाहेर निघतात. रक्तात साखर आली म्हणजे पंगत बसली. बादल्या म्हणजे इन्सुलिन. आणि मधले ओरडणारे म्हणजे मी शिकते ती एन्झाइम्स. माझं एन्झाइम जरा वेगळं. ते म्हणतं, 'झालं, आता पुरे.'"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आन मला शुगर हाय म्हंजी?"

"म्हणजे तुमच्याकडे पंगत बसलीय, पण ओरडणाऱ्यांचे घसे बसलेत. बादल्याही कमी निघतात."

"मंग दुसऱ्या गावचा वरडनारा आनावा की," मामा म्हणाले.

मी पोटभर हसले. केवढी हजरजबाबी माणसं आहेत ही, असं म्हणत लुनाला किक मारली. ते विनोद करत नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

खरं तर यायला हवं होतं. मामांचं दुकान म्हणजे अर्धा दवाखानाच होता. गुडघे धरलेल्या म्हातारीला पाया, बाळंतिणीला कलेजी, दहावीच्या पोराला भेजा. ज्या अवयवाला दुखणं, तोच अवयव खायचा. हे शास्त्र मामांच्या वडिलांपासून चालत आलेलं. मी रोज कोपऱ्यात उभी राहून ते ऐकत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

सहा महिने छान गेले. ग्रंथी कुटायची, गाळायची, अर्क काढायचा, परीक्षानळीत घालायचा आणि पिवळा रंग चढताना बघायचा. रंग जितका गडद, तितकं माझं एन्झाइम कामसू. रोजचा आकडा वहीत. माझे गाइड, आमचे सर, वही पाहून मान डोलावत. सरांना प्रयोगापेक्षा निष्कर्ष आवडत आणि निष्कर्षापेक्षा त्याचं नाव ठेवणं आवडे.

गुढीपाडवा झाला आणि रंग फिका पडायला लागला. आधी वाटलं, बर्फ कमी पडतोय. मग वाटलं, रसायन जुनं झालंय. नवं मागवलं, तरी फिकाच. आकडा निम्म्यावर आला. मी घाबरून वही सरांसमोर ठेवली.

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर नगरचं ऊन कौलं भाजत होतं. सर हळूच म्हणाले, "ऋतुमान."

"सर?"

"ऋतुमान! उन्हाळ्यात स्वादुपिंडाची निरोपव्यवस्था मंदावते. कुणी पाहिलंय आजवर हे?"

कुणीच पाहिलं नव्हतं. कारण तसं काही नव्हतंच. पण सरांनी माझ्याकडून रोजच्या तापमानाचा आलेख काढून घेतला. एक रेघ वर चाललेली, दुसरी खाली, दिसायला फार सुरेख. मे महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजातल्या चर्चासत्रात मी तो आलेख पडद्यावर दाखवला. टाळ्याही पडल्या. एका प्राध्यापकबाईंनी विचारलं, "उन्हाळ्यात बोकड खातो काय, त्याचा काही परिणाम?" सर उठून म्हणाले, "तो पुढील संशोधनाचा विषय आहे." परतीच्या एसटीत सर इतके खूश होते की त्यांनी मला उसाचा रस पाजला.

मामाही खूश होते. जाताना विचारायचे, "ताई, औषध कुठवर आलं?" मी म्हणायचे, "चाललंय." तुकडा तयार असायचा, स्वच्छ धुतलेला. आता ते तो मला काढायला लावत नव्हते, आधीच काढून ठेवायचे. मला तो त्यांचा मोठेपणाच वाटला.

जुलैत कॉलेज सुरू झालं. अकरावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायला सरांनी मला पाठवलं. प्रयोग नेहमीचा. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की गडद निळं होतं. त्यात आपली लाळ घातली की लाळेतलं एन्झाइम पीठ पचवतं आणि निळा रंग जातो. मुलं खुशाल थुंकली. मुली मात्र मुलांसमोर परीक्षानळीत थुंकायला तयार होईनात. मला त्यांची कीव आली आणि थोडी मिजासही चढली.

"थुंकू नका," मी म्हणाले. "हा घ्या माझा स्वादुपिंडाचा अर्क. त्यांच्या लाळेपेक्षा शंभरपट ताकदीचा. बघा कसं चुटकीसरशी पांढरं होतं."

चुटकी वाजली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुलांच्या सगळ्या नळ्या स्वच्छ झाल्या. मुलींच्या सगळ्या नळ्या निळ्याशार.

"मॅडम, निळंच आहे," एक म्हणाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "थुंकी जिंकली." वर्गात हसू फुटलं. मी मात्र एक निळी नळी उचलून उजेडात धरली. उन्हाळ्याने माझं एन्झाइम मंदावेल, एक वेळ मान्य. पण स्वादुपिंडात पीठ पचवणारं एन्झाइम अजिबातच नाही? तसं स्वादुपिंड जगात कुठल्याही ऋतूत नसतं. म्हणजे थर्मासमध्ये होतं ते स्वादुपिंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थर्मास न घेता, उजाडताच निघाले. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीआड उभी राहिले. इतकी वर्षं शिकून मी एका खाटकावर पाळत ठेवत होते, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी लुना परत मागितली असती.

मामांनी बोकड सोलला, पोट उघडलं. बोटांनी माझं स्वादुपिंड चरबीतून अलगद सोडवलं, इतकं अलगद की प्रयोगशाळेत मला कधी जमलं नव्हतं. मग चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि ते एका स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं. नंतर मुंडीकडे वळले, जबड्याखालची लाळेची गाठ कापली, धुतली आणि माझ्यासाठी ओट्यावर नीट मांडून ठेवली. तीही दाणेदार, तीही फिकट गुलाबी. बोकडाच्या लाळेत पीठ पचवणारं एन्झाइम जवळपास नसतंच, म्हणून मुलींच्या नळ्या निळ्या राहिल्या.

मी रस्ता ओलांडून पुढे गेले. "मामा, माझा तुकडा?"

"ह्यो काय," मामांनी ओट्याकडे बोट केलं.

"हा जबड्याचा आहे."

कॉपी करताना पकडलेल्या पोराचा चेहरा झाला त्यांचा. "कसं वळखलं?"

"पोरांच्या थुंकीवरून. डब्यात काय आहे?"

मामांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि कबूल केलं. पाडव्यापासून रोज सकाळी ते स्वादुपिंड तव्यावर टाकून मीठ-मिरची लावून खात होते. "तुमी येवढी शिकल्याली पोरगी रोज ह्येच न्हेता, म्हंजी ह्याच्यात कायतरी असनारच की. त्या सुईतलं औषध जर ह्याच्यातलंच हाय, तर मधी सुई कशाला? दुसऱ्या गावचा वरडनारा आनला म्या. पोटात सोडला."

"आणि गोळ्या?"

"सोडल्या की. दोन-दोन औषदं कशाला? लई हलकं वाटतंय ताई. वजन बी उतारलं."

असं वजन उतरणं म्हणजे साखर चढल्याची खूण. मी विचारलं, "लघवी?"

"ती जरा जादाच व्हती," मामा नजर चुकवत म्हणाले. "घान भाईर पडती सारी."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पायाकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ह्ये व्हय? म्हैन्यापूर्वी मटन टांगायचा आकडा पडला पायाव. काय न्हाई त्यात, दुखत बी न्हाई." त्यांनी चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता. रोज बोकडाच्या आतड्यांत हात घालणारी मी, पण त्या वासाने मी नाकाला ओढणी लावली.

मी बडबडायला लागले. मामा, इन्सुलिन पोटात गेलं की वरणासारखं पचून जातं. ते निरोप-बिरोप काही पोचवत नाही. म्हणून तर सुई. तव्यावर भाजलेला ओरडणारा ओरडत नसतो मामा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला.

मामांनी शांतपणे विचारलं, "मंग तुमी कशाला न्हेता?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी विषय बदलला. म्हणाले, पैज लावू. एक निळं औषध आणते. त्यात तुमची लघवी घालून उकळायची. निळंच राहिलं तर मी चुकले. विटेसारखं लाल झालं तर लघवीत साखर उतरलीय, मग तुम्ही मुकाट्याने दवाखान्यात. मामांना पैज फार प्रिय. "मंजूर," म्हणाले.

लुना पिटाळत कॉलेजात गेले. बेनेडिक्टचं द्रावण, परीक्षानळी, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा पिशवीत घालून परत आले. तोवर दुकानात चार गिऱ्हाइकं. मामा आडोशाला जाऊन काचेच्या ग्लासात नमुना घेऊन आले. मी मटणाच्या ओट्यावरच दिवा पेटवला. एका गिऱ्हाइकाने वाकून विचारलं, "मामा, ह्यो कसला रस्सा?"

"गप ऱ्हा," मामा म्हणाले.

नळी तापली. निळं हिरवं झालं. मामा म्हणाले, "हिरवं धरत न्हाई आपन." हिरवं पिवळं झालं, पिवळं नारिंगी. मग तळाशी लाल गाळ धरला, थेट भट्टीतल्या विटेचा रंग. चारही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, आणि मामा नळीकडे.

"चला," ते म्हणाले आणि अंगावरचं फडकं सोडलं.

लुनावर मागे मामा बसले तेव्हा तिचं पुढचं चाक उचललं की काय असं मला वाटलं. वाटेतल्या चढावर तिने दम टाकला. मामा उतरायला लागले. "पाय टेकायचा नाही!" मी अशी ओरडले की शेजारचा टांगेवालाही थांबला. मग मी खाली उतरून लुना ढकलू लागले. मागच्या सीटवर मिशाळ मामा पाय अधांतरी धरून बसलेले, आणि मी ओढणी कमरेला खोचून हँडलला लटकलेली. सावेडीतल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "नवऱ्याला ढकलती का काय?" मामा एवढे लाजले की त्यांनी डोळेच मिटून घेतले.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. आता अंगठ्यावर भागेल. मामांनी तव्यावरच्या औषधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळ्या सोडून ते खायचं खूळ कुणी घातलं डोक्यात?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी न्हाई सायेब. माझंच डोस्कं."

मला इतकी लाज वाटली की कान तापले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. डॉक्टर गेल्यावर बोलू म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर बोलू म्हटलं, जखम भरल्यावर बोलू म्हटलं. रोज डबा घेऊन जायचे, रोज परत यायचे. सुई टोचताना मामा उशीचा कोपरा दातात धरायचे आणि मी त्यांना हसायचे, मग तेही हसायचे. अंगठा गेला. पाय वाचला.

इकडे सरांनाही सांगावं लागलंच. सगळं ऐकून त्यांनी तो सुरेख आलेख पुन्हा समोर ओढला.

"म्हणजे ऋतुमान नाही?"

"नाही सर. जबडा."

सरांनी आलेखाची गुंडाळी केली, कपाटावर टाकली आणि म्हणाले, तीन महिन्यांचं काम पहिल्यापासून. चर्चासत्रवाल्यांना पत्र मी लिहायचं, असंही म्हणाले. दोन्ही शिक्षा योग्य होत्या.

श्रावण गेला, गणपती गेले. त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे नगरमध्ये मटणाच्या दुकानांवर जत्रा. दीड महिना तोंड बांधून बसलेली माणसं पिशव्या घेऊन उजाडायच्या आत हजर. कामाचे दिवस भरून काढायचे म्हणून मीही चर्चमधल्या प्रार्थनेला दांडी मारून थर्मास घेऊन गेले. रांग दुकानातून रस्त्यावर आली होती. आत मामा उंच स्टुलावर बसून तोडत होते, आता त्यांना फार वेळ उभं राहवत नसे. त्यांनी मला लांबूनच पाहिलं.

"ओ ताई, फुडं या! सरका रं, वाट द्या. शुगरच्या औषदाच्या कामाला हायत त्या."

माणसं सरकली. एक आजोबा तर मला वाट द्यायला गटारीच्या कडेवर जाऊन उभे राहिले. मी पुढे गेले. मामांनी डब्यातून तुकडा काढून तळहातावर धरला. अस्सल, दाणेदार, गुलाबी.

"ह्ये बगा. आता फसवनूक न्हाई," ते म्हणाले. "माझा अंगठा गेला त्यो गेला. फुडल्या मानसाचा पाय तरी वाचंल तुमच्या हातनं."

थर्मासचं झाकण उघडं होतं. घेऊन निघून जाणं अगदी सोपं होतं, आणि मी काही थोर बाई नव्हते. पण त्या वाक्यानंतर माझा हातच पुढे होईना.

"मामा, मी औषध करत नाही."

"आं?"

"कधीच करत नव्हते. तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं. मला प्रबंध लिहायचाय, नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून. तो लिहून झाला की कपाटात जाईल. त्याने कुणाचा पाय वाचणार नाही."

मागच्या माणसांनी माना पुढे काढल्या. मामांनी सुरी खाली ठेवली. आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्ही तुकडा देणार नाही."

"दिला असता की," मामा म्हणाले. रागावलेले नव्हते, नुसते नवल वाटल्यासारखे. "मागितला असता तर दिला असता."

मामांनी तो तुकडा पुन्हा डब्यात ठेवला, झाकण लावलं, सुरी उचलली आणि माझ्या मागच्या माणसाची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"रांगेत उभं ऱ्हावा, ताई. लंबर आला की देतो."

मी थर्मासचं झाकण लावलं आणि त्या सगळ्या माणसांसमोरून चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले.